खाडीतल्या जुव्यावरचा मे महिना: पुण्याहून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कोकणच्या खाड्यांमध्ये चहूबाजूंनी पाणी असलेले जमिनीचे छोटे तुकडे आहेत, त्यांना तिकडे जुवं म्हणतात. गड नदी कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते त्या मालवण तालुक्यातल्या पट्ट्यात अशी जुवी आहेत. मसुऱ्याजवळचं खोत जुवा त्यांतलंच. राजापूर तालुक्यात जुवे नावाचं गावच आहे. पुण्यात कोथरूड-धायरीपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत राहणाऱ्या काही कुटुंबांची मूळ घरं अशा जागी आहेत. चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे खळं म्हणजे अंगण, मागे विहीर आणि चार माड. वर्षभर कुलूप आणि मे महिन्यात तीन पिढ्या एका छपराखाली.

हा लेख त्या घरात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. नवी सून, नवा जावई, मुलांचे मित्र, किंवा लहानपणी एकदा गेलेला आणि आता स्वतःच्या पोरांना घेऊन निघालेला चुलतभाऊ, सगळ्यांसाठी. मी पुण्यात पेठेत वाढले आणि लग्नानंतर अशा घरात जाऊ लागले. तिथे जे शिकले ते क्रमाने सांगते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. हे घर म्हणजे फार्महाऊस नाही. माणूस राहिला नाही तर असं घर पडतं. वाळवी वाशांना लागते, माकडं कौलं सरकवतात, एका फटीतून पाणी भिंतीत उतरतं. मे महिन्यातला मुक्काम ही त्या घराची वर्षाची देखभाल असते. त्या कामात हात घातला की घर आपलं वाटायला लागतं, नुसतं पाहुणं म्हणून राहिलं तर पंधरा दिवसांत कंटाळा येतो. म्हणून यजमानांनाही माझं सांगणं आहे की नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एखादं काम सोपवा.

कधी जायचं

एप्रिलचा शेवटचा आठवडा ते २० मे, हा माझ्या मते उत्तम काळ. शाळांचे निकाल लागलेले असतात, हापूस भरात असतो, रातांबे म्हणजे कोकमाची फळं पिकायला लागतात, फणस हाताशी येतात. मेच्या शेवटच्या आठवड्यावर पूर्वी लोक बिनधास्त विसंबायचे, आता विसंबू नका. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मेलाच सिंधुदुर्गात पोचला. २०२१ साली मेच्या मध्यावर तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेलं आणि कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती. परतीचं तिकीट २० मेच्या आसपासचं ठेवा आणि शेवटची कामं शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

जायच्या तारखा ठरवताना पुण्यातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा. घर सामायिक असतं. कुठल्या आठवड्यात कोण येणार, किती माणसं होणार, विहिरीला किती पाणी आहे, यावर सगळं ठरतं. मोठ्या काकांना एक फोन करून मग तिकीट काढा. याला परवानगी समजू नका, सामायिक घराची ती रीत आहे.

पुण्याहून प्रवास

अंतर साधारण साडेतीनशे ते चारशे किलोमीटर, जुवं कुठलं त्यावर. स्वारगेटहून मालवण, कणकवली, देवगडकडे एसटी जातात. रात्रीच्या गाडीला बसलात तर सकाळी पोचता. महिलांना एसटीत निम्मं भाडं आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास, त्यामुळे आजीला घेऊन जायचं असेल तर तिचं ओळखपत्र हाताशी ठेवा. रेल्वेने जायचं तर बहुतेकदा पनवेलला गाडी बदलावी लागते आणि कणकवली, सिंधुदुर्ग किंवा कुडाळला उतरावं लागतं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्याच्या जागा पहिल्या काही मिनिटांत जातात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गजर लावून बसा.

स्वतःच्या गाडीने निघालात तर कोल्हापूरपर्यंत महामार्ग आणि पुढे राधानगरीवरून फोंडा घाट, किंवा गगनबावड्याकडून उतरणारे घाट, किंवा आंबोली. घाटांची कामं सतत निघतात, आदल्या दिवशी गावात फोन करून कुठला घाट चालू आहे ते विचारा. तिथे राहणाऱ्या माणसाची माहिती मोबाईलवरच्या नकाशापेक्षा खरी असते. गाडी अर्थातच अलीकडच्या काठावर ठेवायची. ज्यांच्या अंगणात ठेवता त्यांना विचारून ठेवा आणि माडाखाली तर मुळीच ठेवू नका.

सामान

होडीत जे उचलून ठेवता येईल तेवढंच न्या. चाकांची मोठी बॅग चिखलात निरुपयोगी ठरते, दोन मध्यम सॅक बऱ्या.

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एक फेरी मारा. जाड दोरी, ताडपत्री, विहिरीच्या पोहऱ्यासाठी नवा दोर, खिळे, बिजागऱ्या, कुलपाला घालायचं तेल, हे सगळं तिथे एका फेरीत मिळतं. गावी हेच आणायला होडी, रिक्षा आणि अर्धा दिवस लागतो. निघण्याआधी घर बघणाऱ्याला विचारा, "काय तुटलंय?" त्या उत्तरावरून यादी करा. मार्केट यार्डातून कांदे, बटाटे, लसूण, डाळी आणि तुरीपेक्षा जास्त मूग घ्या, उकाड्यात मूग पोटाला सोसतो. तांदूळ नेऊ नका. तिथला उकडा तांदूळ तिथेच घ्या, पेज त्याचीच चांगली होते.

कपडे सुती आणि जुने. रातांब्याचा आणि काजूच्या चिकाचा डाग जात नाही. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल प्रत्येकी एक जोड, साधी चप्पल चिखलात राहते. डोक्याला बांधायची बॅटरी, कारण रात्री दोन्ही हात मोकळे लागतात. मच्छरदाणी, क्षारसंजीवनीची पाकिटं, नेहमीची औषधं पूर्ण महिन्याची, आणि सुट्टे पैसे. भेट म्हणून बाकरवडी आणि चांगला चहा न्या. मिठाई दमट हवेत टिकत नाही आणि आंब्याची बर्फी आंब्याच्या गावी नेण्यात अर्थ नाही.

तरीवर

काठावरून जुव्यावर नेणाऱ्या होडीची जागा म्हणजे तर आणि ती चालवणारा तो तारी. जुव्यावरचं सगळं आयुष्य या माणसाच्या हाताने पलीकडे जातं. नववधू, आजारी माणूस, सिमेंटची पोती, गणपतीची मूर्ती. त्याचा फोन नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हवा. तो "आता नको, पाणी सुकलाहा, भरती लागली की येवा" म्हणाला, की काठावर सावली बघून बसायचं. घाई आहे, गाडी लागणार आहे, हे कारण तिथे चालत नाही. पाणी उतरलेलं असताना होडी मध्येच रुतते आणि मग गुडघाभर चिखलातून सामान डोक्यावर घेऊन जावं लागतं.

होडीत बसताना तारी सांगेल तिथे बसा. वजन दोन्ही बाजूंना सारखं लागतं. उलांडीची होडी असेल तर उलांडीवर, म्हणजे तोल राखायला बाजूला बांधलेल्या लाकडावर, पाय देऊ नका. उभं राहून फोटो काढू नका. लहान मुलांना आणि पोहता न येणाऱ्यांना लाइफ जॅकेट घाला. मी ती पुण्याहून नेते, कारण लहान मापाची तिथे बहुधा नसतात. खाडी शांत दिसते म्हणून कोणी हसेल, तरी घाला.

भरतीचं गणित

नव्या माणसाने शिकायची ही पहिली विद्या. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ, आणि रोज हे वेळापत्रक साधारण ५० मिनिटं पुढे सरकतं. आज सकाळी आठला पाणी भरलं असेल तर उद्या नऊच्या जरा आधी भरेल.

कोकणातली जुनी माणसं मोबाईल न बघता भरतीची वेळ सांगतात ती अशी. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी एकदा आणि पहाटे एकदा. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. हे किनाऱ्याचं गणित आहे आणि त्यातही अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरायचा असतो. शिवाय खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते. आपल्या धक्क्यावर किती उशिरा, हे पहिल्या दोन-तीन दिवसांत घड्याळ लावून बघा आणि स्वयंपाकघराच्या दारामागे लिहून ठेवा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, प्रवाहाला जोर असतो. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. पलीकडे मोठं सामान न्यायचं असेल तर उधाणाची भरती गाठा, होडी थेट पायरीला लागते. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या वेचायच्या तर उधाणाची ओहोटी, तेव्हा एरवी न दिसणारी वाळू उघडी पडते. मुलांना पोहायचं असेल तर भांगाचे दिवस आणि भरलेलं, थांबलेलं पाणी. ओहोटी लागली की सगळ्यांनी बाहेर यायचं. उतरणारं पाणी खाडीच्या मुखाकडे ओढून नेतं आणि पुण्यातल्या तलावात पदकं मिळवलेल्या पोरालाही त्या ओढीविरुद्ध पोहता येत नाही. हा नियम आमच्या घरात कोणाहीसाठी मोडला जात नाही.

पहिला दिवस

पोचल्यावर बॅगा ओटीवर ठेवून घराच्या सगळ्या खिडक्या-दारं उघडा आणि तासभर आत कोणी जाऊ नका. बंद घरात पाली, विंचू, वटवाघळं, क्वचित साप वस्तीला असतात. त्यांना बाहेर जायला वाट आणि वेळ द्यायचा. मग लांब काठीने कोपरे, पलंगाखाली, लाकडांच्या मागे ठोकून बघायचं. गाद्या-गोधड्या खळ्यात उन्हात टाकायच्या. विजेचं मुख्य बटण चालू करण्याआधी तारा उंदरांनी कुरतडल्यात का ते बघायचं.

दरम्यान घरातला वडील माणूस देवापुढे आणि जागेच्या राखणदारापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो. आपण सगळे सुखरूप आलोय, पोराबाळांना सांभाळ, काही चुकलंमाकलं तर पदरात घे, असं मोठ्याने, मालवणीत. प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. नव्या सुनेनेही म्हणायचं. श्रद्धा ज्याची त्याची, पण त्या गाऱ्हाण्यात नव्या माणसाचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं आणि त्या क्षणी तुम्ही घरचे होता. मला ते फार मोलाचं वाटतं.

विहीर

याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पुण्यात नळ सोडायची सवय झालेल्या माणसाला हे कोणी समजावून देत नाही.

खाऱ्या खाडीच्या मधोमध गोडं पाणी कुठून येतं? ते पावसाचं असतं. जमिनीत मुरलेलं गोडं पाणी हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. त्याचा हिशोब असा की समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं असतं. हे ऐकायला छान वाटतं, पण उलटं करून बघा. विहिरीची पातळी उपसून एक फूट खाली नेली तर खारं पाणी हळूहळू चाळीस फुटांपर्यंत वर चढू शकतं. मे महिन्यात साठा सर्वांत कमी असतो. म्हणून काही विहिरींचं पाणी वैशाखात मचूळ लागायला लागतं, आणि एकदा खारं शिरलं की पुढचा पावसाळा झाल्याशिवाय नीट होत नाही.

म्हणून मोटर लावून टाकी एका दमात भरायची नाही. पोहऱ्याने, रहाटाने किंवा छोट्या पंपाने थोडं थोडं, सकाळ-संध्याकाळ. माणसी दोन बादल्यांत आंघोळ, कपडे एक दिवसाआड, भांड्याचं पाणी माडाच्या आळ्यात. शेजारच्या घराची विहीर आपल्या विहिरीशी जमिनीखालून जोडलेली असते, आपण जास्त उपसलं की त्यांचं पाणी खारावतं. पुण्याहून आलेली पंधरा माणसं आठवडाभर शॉवर घेऊन गेली आणि पावसाळा होईपर्यंत शेजारच्या काकीला मचूळ पाण्याचा चहा प्यावा लागला, असं व्हायला नको.

प्यायचं पाणी गाळून, खळखळून उकळूनच. विहीर वर्षभर वापरात नसेल तर उतरल्यावर आरोग्य सेवकाला विचारून ब्लीचिंग पावडर टाकून घ्या. साबणाचं पाणी विहिरीच्या कट्ट्याजवळ सांडू नका. संडासाचा खड्डा आणि विहीर यांच्यात अंतर कमी असेल तर तो विषय पुण्यात परतल्यावर भावंडांच्या बैठकीत पहिला घ्या, रंगरंगोटी नंतर.

जेवण

सकाळी पेज. उकड्या तांदळाची, वरून मीठ, सोबत खारातली मिरची किंवा चटणी. घाम भरपूर जातो, त्यामुळे पेज हे नुसतं परंपरेचं खाणं नाही, शरीराला ते लागतंच. दुपारी भात, कुळथाची पिठी किंवा माशाची आमटी, सोलकढी. कधी घावणे, कधी आंबोळ्या. गॅस असला तरी मागच्या चुलीवर एखादी गोष्ट रोज शिजवा, माडाच्या झावळ्या आणि करवंट्या जळण म्हणून पडलेल्याच असतात आणि धुराने वरच्या वाशांचं वाळवीपासून रक्षण होतं.

मासे तारी किंवा शेजारी आणून देतात. शेवटं, तांबोशी, चिंगळं, कुर्ल्या, नशीब असेल तर कालवं. भाव करू नका. खाडीतला मासा पाग म्हणजे फेकायचं जाळं टाकून, अर्धी रात्र पाण्यात उभं राहून धरलेला असतो. बांगड्याच्या आमटीत चार तिरफळं ठेचून घालायची, ती खायची नसतात, ताटात बाजूला काढायची, हे नव्या जावयाला आधी सांगा. तिसऱ्या वेचायला गेलात तर लहान शिंपल्या परत टाका आणि जेवढ्या एका वेळेला लागतात तेवढ्याच आणा. तिसऱ्यांवर पोट असलेल्या बायका त्याच वाळूत रोज येतात.

शाकाहारी मंडळींची सोय उत्तम होते. कच्च्या फणसाची भाजी, काजूगरांची उसळ, कैरीचं सार, केळफूल. पालेभाजी मात्र कमी मिळते, आठवडी बाजाराचा वार विचारून ठेवा.

पाय कुठे ठेवायचा

ओहोटीच्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड ब्लेडसारखी कापते. अनवाणी जाऊ नका. चिखलात पाय घासत चाला, उचलून टाकू नका, म्हणजे तळाशी पहुडलेलं पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, सरकून जातं. खाडीच्या कुठल्या भागात उतरायचं नाही ते जुव्यावरच्या माणसाकडून पहिल्या दिवशी ऐकून घ्या.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या चिऱ्याच्या मुलखात फुरसं भरपूर. लहानसा साप, दगडाखाली, पाचोळ्यात, लाकडाच्या ढिगात बसतो आणि डिवचला की अंगाचे खवले घासून खरखर आवाज करतो. संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय अंगणातही पाऊल टाकू नका, लाकूड काढताना आधी काठीने हलवा, चिऱ्यांच्या गडग्यात म्हणजे कुंपणाच्या भिंतीत हात घालू नका. चावलाच तर जखम कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी आवळू नका. माणसाला आडवं ठेवा, तो अवयव फळीला बांधून स्थिर करा आणि थेट सरकारी ग्रामीण रुग्णालयात न्या. सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथे असतं. १०८ला फोन करून रुग्णवाहिका पलीकडच्या काठावर बोलवा.

विंचवालाही हलकं समजू नका. कोकणातला लाल विंचू हृदयावर परिणाम करतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याचं काम केलं आणि त्याने असंख्य जीव वाचले. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली, विशेषतः लहान मुलात, की घरगुती उपायात एक मिनिटही घालवू नका. सकाळी चप्पल-बूट झटकून घाला. अंथरूण जमिनीवर असेल तर मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा.

आता यातला जुव्याचा खास भाग. अपघात ओहोटीलाही होतो. म्हणून पूर्ण सुकतीच्या वेळी होडी कुठून निघू शकते, ती खोल पाण्याची जागा पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मोठ्या माणसाला दिवसाउजेडी चालून दाखवा. रात्री तारी नसेल तर दुसरं कोण होडी काढू शकतं, त्यांचाही नंबर घ्या. घरात म्हातारी माणसं किंवा गरोदर बाई असेल तर या तयारीशिवाय मुक्काम करू नका.

जुव्यावरची माणसं

आपण महिनाभर येतो, ती बारा महिने असतात. पावसाळ्यात पाणी चढतं तेव्हा, वीज चार दिवस नसते तेव्हा. पोचल्याच्या दिवशी प्रत्येक घरी जाऊन या, नव्या सुनेने सासूबरोबर. चहा प्या, लवकर उठू नका. मोठ्यांना नावाने नाही, तात्या, आबा, काकी, वयनी अशीच हाक. तुम्हाला मालवणी येत नसेल तर सरळ मराठीत बोला, नक्कल करू नका, पण कान देऊन ऐका.

रात्री मोठ्या आवाजात गाणी लावू नका, पाण्यावरून आवाज लांब जातो आणि मासे धरणारे पहाटे तीनला उठतात. दुसऱ्याच्या झाडाचा पडलेला आंबासुद्धा विचारून उचला.

काठावरची चिपी, तिवर, कांदळ यांची झाडं म्हणजे कांदळवन. समोरचं पाणी दिसावं म्हणून एक फांदीही तोडू नका. कायद्याने ते बंद आहेच, पण त्याहून मोठं कारण असं की ती मुळं जुव्याची माती धरून ठेवतात आणि कोळंबी, कुर्ल्यांची पिल्लं तिथेच वाढतात. काठ उघडा पडला की उधाणाचं पाणी दरवर्षी थोडी जमीन घेऊन जातं. त्याचप्रमाणे घराला नवी खोली, पक्का धक्का, असलं काही मनात आलं तर आधी ग्रामपंचायतीत चौकशी करा, खाडीकाठाला किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागतात.

कचऱ्याचं एकच धोरण चालतं. पाण्यापलीकडून जे आणलं ते पाण्यापलीकडे परत न्यायचं. प्लास्टिक, डायपर, सॅनिटरी पॅड, बॅटऱ्या वेगळ्या पिशवीत साठवा आणि जाताना पुण्याला आणा. जाळू नका, पुरू नका. ओला कचरा माडाच्या आळ्यात.

आगोट

पावसाआधीच्या तयारीला तिकडे आगोट म्हणतात. मुक्कामाचा शेवटचा आठवडा पूर्ण याला द्या, आणि मला विचाराल तर जुव्यावरचे सर्वांत चांगले दिवस हेच.

आधी छप्पर. कौलं चाळायला माहीतगार माणूस लावा, पण खाली उभं राहून कौलं हातोहात द्यायला घरची पोरं हवीत. फुटकी बदलायची, सरकलेली बसवायची, वाशाला वाळवी दिसली तर लगेच दाखवायची. फुटक्या कौलांच्या जागी घालायला पाच-पन्नास जुनी कौलं मागच्या मांगरात म्हणजे शेडमध्ये असतातच. पडवीला पावसाची झड लागते त्या बाजूने झावळ्यांचे झाप बांधायचे. लाकडं, करवंट्या, सोडणं (नारळाची वरची सालं) मांगरात कोरडी रचायची. घराभोवतीची गटारं पाचोळ्याने भरलेली असतात, ती मोकळी केली नाहीत तर पाणी भिंतीच्या पायात मुरतं.

त्याच दिवसांत बायका-मुलं रातांब्यांना बसतात. फळ फोडून गर वेगळा, सालं उन्हात. रसात मीठ घालून त्यात सालं बुडवून पुन्हा वाळवायची, असं अनेक दिवस, तेव्हा काळी मऊ सोलं होतात. उरलेल्या रसाचं आगळ. बिया टाकू नका, त्यांचं तेल भेगाळलेल्या टाचांना लावतात. आंब्याची साठं, फणसपोळी ताटांवर वाळत असतात आणि वळीव कधी येईल याचा नेम नसतो. अशा वेळी ढग दिसताच ताटं आत नेण्याची जबाबदारी एका शहाण्या मुलाला द्या. दहा वर्षांचं पोर हे काम मोठ्या माणसापेक्षा चोख करतं.

आत, सगळी भांडी कोरडी करून उपडी. गोधड्या कडकडीत उन्हात तापवून कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासकट पत्र्याच्या ट्रंकेत. कपाटांची दारं किंचित उघडी ठेवा, पूर्ण बंद केली की बुरशी धरते. धान्य एक दाणाही मागे ठेवू नका, उंदीर येतात. सिलिंडरचा रेग्युलेटर काढा, विजेचं मुख्य बटण बंद करा, विहिरीवर जाळी टाका. स्वतःची होडी असेल तर ओढून वर घ्या आणि ओंडक्यांवर उपडी घाला.

घराची एक वही असू द्या. यंदा किती कौलं बदलली, विहिरीला शेवटच्या दिवशी किती पायऱ्या पाणी होतं, कुठला माड झुकलाय, घरपट्टी आणि वीजबिल कोणी भरलं, पुढच्या वर्षी काय आणायचं, हे निघण्याच्या आदल्या रात्री लिहा. नव्या माणसानेच लिहावं. भावंडांमधले अर्धे वाद अशा वहीमुळे सुरूच होत नाहीत.

किल्ली ज्यांच्याकडे द्यायची त्यांच्या हातात द्या, कोणाकरवी पाठवू नका. वर्षभर घराकडे बघण्याचे पैसे निघतानाच द्या आणि मधूनमधून फोन करा, फक्त काही बिघडलं की नव्हे.

परतीची भरती आदल्या दिवशी बघून तारीला वेळ सांगा आणि गाडीच्या वेळेआधी निदान दोन तास पलीकडे पोचा. आंब्याच्या पेट्या होडीत सर्वांत शेवटी ठेवा आणि सर्वांत आधी उतरवा. आगळाच्या बाटल्या काठोकाठ भरू नका, बूच घट्ट लावून उभ्या ठेवा आणि जुन्या टॉवेलात गुंडाळा. घाटात बाटली आडवी झाली तर सगळी बॅग लाल होते. स्वारगेटला उतरल्यावर पेट्या लगेच उघडून आंबे वर्तमानपत्रावर पसरा. रात्रभर बंद पेटीत उकडलेला आंबा एका बाजूने काळा पडतो आणि शेजारच्या चार आंब्यांनाही बिघडवतो.